वजनावरून होणारी चेष्टा आणि आपणच आपल्यावर केलेला विनोद

प्रश्न थोडक्यात असा आहे: वजन जास्त असल्यामुळे मित्रांत, ऑफिसात, घरात चेष्टा होते. कुणी काही बोलायच्या आत आपणच स्वतःवर विनोद करून मोकळं व्हायचं, म्हणजे समोरच्याच्या टोमण्यातली हवा निघून जाते, हा उपाय प्रश्नकर्ते बरीच वर्षं करत आले आहेत. लोक हसतात, ‘किती खिलाडू आहे’ म्हणतात. पण घरी आल्यावर बरं वाटत नाही. मग हे करत राहावं की सोडावं? आणि करायचं तर कसं?

उपाय अगदीच चुकीचा नाही. मात्र तो लागू पडतो की नाही, हे विनोद किती फर्मास आहे यावर ठरत नाही. विनोदाचा नेम कशावर आहे आणि तो करायचा की नाही हे ठरवायची मोकळीक तुमच्याकडे उरली आहे का, या दोन गोष्टींवर ते ठरतं. ‘घरी आल्यावर बरं वाटत नाही’ असं तुम्ही म्हणता, त्यावरून दुसरी गोष्ट हातातून निसटलेली दिसते.

हा फरक संशोधनातही नीट मांडलेला आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ३२ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत विनोदाच्या चार तऱ्हा मानल्या आहेत: माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला बोचणारा आणि स्वतःला खाली ओढणारा. दुसरी आणि चौथी तऱ्हा बाहेरून बऱ्याचदा सारखीच दिसते, कारण दोन्हीत माणूस स्वतःबद्दलच बोलत असतो. सावरणाऱ्या विनोदात अडचणीतली गंमत तुम्हाला स्वतःला दिसते, अगदी एकटे असलात तरी. खाली ओढणाऱ्या विनोदात लोकांना आपण आवडावं म्हणून स्वतःला हास्यास्पद करून घेतलं जातं आणि आतलं दुखणं हसण्याखाली दडवलं जातं. ही चौथी तऱ्हा जास्त वापरणाऱ्यांत नैराश्य, चिंता आणि कमी आत्मसन्मान यांचं प्रमाण जास्त आढळतं. कशामुळे काय होतं हे त्यावरून सिद्ध होत नाही. मुळात खचलेला माणूसही असे विनोद जास्त करतो. पण दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात, हे सल्लामसलतीत वारंवार दिसतं.

आता हा उपाय सुटत का नाही, ते पाहू. चारचौघांत शिरताना मनात धाकधूक असते: आता कोण काय बोलेल? तुम्ही आधीच ‘सरका रे, दोघांची जागा लागणार आहे मला’ म्हणून टाकता. सगळे हसतात आणि धाकधूक क्षणात उतरते. ही सुटका इतकी लगेच मिळते की मेंदू तो धडा पक्का करतो आणि पुढच्या वेळी वाक्य आपोआप तोंडातून निघतं. चिंतेच्या उपचारांत अशा वागण्याला सुरक्षा-वर्तन म्हणतात. त्याची खरी किंमत अशी, की तुम्ही बोलला नसतात तर काय झालं असतं, हे तुम्हाला कधीच कळत नाही. कदाचित कुणीच काही बोललं नसतं. पण तशी वेळच येत नसल्यामुळे ‘लोक बोलणारच’ हा समज वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहतो.

दुसरी किंमत लोकांकडून वसूल होते. थॉमस फोर्ड आणि मार्क फर्ग्युसन यांनी २००४ साली मांडलेला सिद्धान्त इथे उपयोगी पडतो. एखाद्या गटाला कमी लेखणारा विनोद ऐकल्यावर, ज्यांच्या मनात त्या गटाबद्दल आधीच आकस आहे, त्यांना तो आकस उघडपणे दाखवायची मुभा मिळाल्यासारखं वाटतं. ज्यांच्या मनात तसं काही नसतं, त्यांच्यावर विशेष परिणाम होत नाही. म्हणजे जीव लावणाऱ्या मित्रांत तुमचा विनोद निरुपद्रवी असतो, पण तिथे त्याची गरजच नसते. गरज वाटते ती खवचट माणसांत, आणि तिथेच तो परवान्यासारखा वापरला जातो. नंतर तक्रार केलीत तर उत्तर तयार असतं: ‘तूच तर म्हणतोस!’ घरी आल्यावर जी चिडचिड होते तिचं मूळ बहुतेकदा यात असतं. राग आलेला असतो, पण तो व्यक्त करायची वाट आपणच हसून बंद केलेली असते.

म्हणून नेम बदलायचा. एक नेहमीचंच वाक्य घेऊ. लिफ्टपाशी कुणीतरी म्हणतं, ‘अरे, हा चढला तर लिफ्ट बंद पडेल.’

सवयीचं उत्तर असतं: ‘हो ना, मी म्हणजे चालता ट्रकच.’ हशा पिकतो, पण काय झालं ते बघा. समोरच्याचा दावा तुम्ही मान्य केलात, वर स्वतःला त्याने म्हटलं त्यापेक्षा मोठी उपमा दिलीत. पुढचा टोमणा आता लिफ्टपासून नाही, ट्रकपासून सुरू होणार. पुढच्या महिन्यात कुणी ‘ट्रक आला’ म्हणालं, तर ते नाव तुम्हीच दिलेलं असेल.

तोच प्रसंग, पण नेम टोमण्याच्या शिळेपणावर: ‘हा विनोद या लिफ्टपेक्षा जुना आहे.’ यात तुमचं शरीर नाहीच. हसू येतं ते बोलणाऱ्याच्या कल्पनाशक्तीवर, तेही बेताने, त्याच्या अंगावर न जाता. तिसरा पर्याय म्हणजे नेम परिस्थितीवर ठेवणं. समजा, प्रेक्षागृहातल्या अरुंद खुर्चीत बसताना अवघडायला झालं. ‘मी मावतच नाही कुठे’ म्हणण्याऐवजी ‘ही खुर्ची ज्याने केली त्याने आधी माणूस पाहिला नसावा’ म्हणा. ‘फ्री साइज’चा कपडा बसला नाही तर ‘हे नाव ठेवणारा माझ्यापेक्षा विनोदी आहे.’ अवघडलेपण तुम्ही लपवलं नाही, उलट उघड बोललात. पण दोष खुर्चीच्या मापाकडे गेला, आणि तो बऱ्याचदा खरोखर तिथेच असतो.

मग स्वतःवर हसायचंच नाही का? जरूर हसा, पण आपल्या वागण्यावर, स्वभावावर, फजितीवर. ‘व्यायामाचे बूट घेऊन वर्ष झालं, अजून त्यांची माझी ओळख व्हायची आहे’ हा सवयीवरचा विनोद आहे. सवय बदलता येते, आणि असली टाळाटाळ सगळेच करत असल्याने ऐकणारेही त्यात सामील होतात. ‘माझ्यासारख्या ढोल्याला कोण विचारणार’ हा माणसाच्या किमतीवरचा विनोद आहे. हा कधीच करू नये, प्रेमाच्या माणसांतही नाही. दोन्ही वाक्यं स्वतःबद्दलचीच आहेत. पण पहिल्यानंतर लोक आपापली टाळाटाळ सांगू लागतात आणि दुसऱ्यानंतर एक अवघड शांतता पसरते किंवा कुणीतरी सांत्वन करू लागतं. तुमचा विनोद कोणत्या जातीचा होता हे कळायची ही सर्वांत सोपी खूण आहे.

बोलण्याच्या पद्धतीबद्दल थोडं तपशिलात सांगतो, कारण शब्द बरोबर असूनही इथे गाडी घसरते. वाक्य एकच असावं, आठ-दहा शब्दांचं. टोमणा आल्याबरोबर उसळून उत्तर देऊ नये. एखादा श्वास घ्यायचा, बोलणाऱ्याकडे पाहायचं आणि मग बोलायचं. घाईने आलेलं चांगलं उत्तरही बचावासारखं ऐकू येतं. वाक्याच्या शेवटी आवाज चढू देऊ नये. आपल्या वाक्यावर आपणच आधी हसू नये. पोटावर थाप मारणं, डुलत चालून दाखवणं, गाल फुगवणं हे सगळं बंद, कारण शब्द विसरले जातात आणि नक्कल लक्षात राहते. शिवाय ती नक्कल मग दुसरे करू लागतात. बोलून झाल्यावर लगेच तिसऱ्याच माणसाला तिसऱ्याच विषयावर प्रश्न विचारायचा: ‘तुझं घर बदलायचं कुठवर आलं?’ हा शेवटचा भाग लोक गाळतात आणि मग तक्रार करतात की उत्तर देऊनही चेष्टा थांबत नाही. प्रश्न नसेल तर रिकामी जागा पडते आणि ती पुढच्या टोमण्याने भरते. एका भेटीत अशी एकच परतफेड करावी. दुसऱ्यांदा उत्तर दिलंत की तुमचं वजन हाच त्या संध्याकाळचा विषय होतो.

दर वेळी विनोदाने उत्तर द्यायलाही तुम्ही बांधील नाही. ‘बरं’ एवढंच म्हणून, न हसता बोलणं पुढे नेणं हे पुरेसं उत्तर आहे आणि बऱ्याचदा जास्त परिणामकारक. चेष्टा करणाऱ्याला प्रतिसाद हवा असतो. राग मिळाला काय किंवा हशा मिळाला काय, त्याचं काम झालेलंच असतं.

वडीलधाऱ्यांपुढे हिशेब जरा वेगळा असतो. तिथे टोमण्यापेक्षा काळजीचा सूर असतो, निदान तसा आव तरी असतो, आणि बोचरं उत्तर दिलं की मूळ मुद्दा बाजूला राहून तुमचा उद्धटपणा चर्चेत येतो. ‘मावशी, दर भेटीत पहिला प्रश्न वजनाचाच असतो. दुसरा तरी माझ्यासाठी ठेवा’ हे हसत म्हणता येतं. जवळच्या काकूंना एकटं गाठून ‘काकू, वजनाचं माझं मी बघतेय. सगळ्यांसमोर निघालं की मला तिथून उठावंसं वाटतं’ असं सरळ सांगितलं तर बहुतेक जणी खरंच थांबतात. आपल्या बोलण्याने दुखतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तुम्ही तर आजवर हसत आलेला असता.

काही ठिकाणी मात्र स्वतःवरचा विनोद पूर्ण बंद ठेवावा.

पहिलं ठिकाण डॉक्टरांची खोली. ‘डॉक्टर, जिना चढताना दम लागतो, पण एवढं ओझं वाहायचं म्हटल्यावर लागणारच की’ हे वाक्य दवाखान्यांत सर्रास ऐकू येतं. यात लक्षणही रुग्णाने सांगितलं आणि निदानही त्यानेच करून टाकलं. घाईतला डॉक्टर हसतो, ‘वजन कमी करा’ म्हणतो आणि पुढचा रुग्ण आत येतो. दम लागण्यामागे रक्तक्षय असू शकतो, दमा असू शकतो, हृदयाचा त्रास असू शकतो. घोरणं हा घरात विनोदाचा विषय असतो, पण झोपेत श्वास अडकत असेल तर ती तपासून घ्यायची गोष्ट आहे. वजन वाढण्यालाही थायरॉइडची कमतरता, स्टेरॉइड, इन्सुलिन, मनोविकारांवरची काही औषधं अशी कारणं असू शकतात. तेव्हा लक्षण कोरडेपणाने सांगा: किती दिवसांपासून, किती पायऱ्यांनंतर, आडवं झाल्यावर वाढतं का, रात्री जाग येते का. डॉक्टरच चेष्टा करू लागले तर ‘मी या त्रासाबद्दल आलोय. वजन कमी असलेल्या माणसाने हेच सांगितलं असतं तर तुम्ही कोणत्या तपासण्या केल्या असत्या?’ असं विचारता येतं. प्रश्न सभ्य आहे आणि टाळायला अवघड.

दुसरं ठिकाण म्हणजे तुमच्यावर अधिकार असलेला माणूस. वरिष्ठाने बैठकीत टोमणा मारला आणि तुम्ही त्यावर चढता विनोद केलात, तर तिथल्या प्रत्येकाला कळतं की हे चालतं. बैठकीत गप्प राहा, नंतर एकट्याने भेटा किंवा दोन ओळी लिहा: ‘कालच्या बैठकीत माझ्या वजनाचा उल्लेख झाला. तसं पुन्हा होऊ नये अशी विनंती आहे. कामाबद्दल जे सांगायचं ते जरूर सांगा.’ त्यात स्मितहास्याचं चिन्ह नको आणि ‘गंमतच होती, पण’ अशी सुरुवातही नको. तरीही चालू राहिलं तर तारीख, नेमके शब्द आणि कोण हजर होतं, एवढं टिपून ठेवायला लागा. पुढे तक्रार करावी लागली तर ‘नेहमी बोलतात’ यापेक्षा अशा चार नोंदी उपयोगी पडतात.

तिसरं ठिकाण, लहान मुलं. आरशापुढे उभं राहून स्वतःला नावं ठेवणारी आई किंवा बाबा मुलं रोज ऐकत असतात आणि शरीराकडे असंच बघायचं असतं हे शिकतात. घरातल्या चिडवण्याबद्दल तर शंकेला फार जागाच उरलेली नाही. अमेरिकेत मिनेसोटा इथे किशोरवयीन मुलामुलींचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा ‘प्रोजेक्ट ईट’ नावाचा अभ्यास झाला. किशोरवयात वजनावरून चिडवलं गेलेल्यांत, विशेषतः मुलींत, १५ वर्षांनंतर लठ्ठपणा आणि भावनेच्या भरात खाणं, दोन्ही जास्त आढळलं. चिडवलं की माणूस मनावर घेतो आणि बारीक होतो, ही समजूत साफ उलटी आहे.

हे सगळं नव्याने सुरू करणाऱ्यासाठी ठीक. पण तुम्ही तर आधीच ‘आमचा विनोदी जाड्या’ होऊन बसला आहात. त्यातून बाहेर कसं यायचं?

आधी दोन आठवडे काहीही न बदलता नोंद ठेवा. कुठे, कुणासमोर, विषय कुणी काढला (तुम्ही की त्यांनी), नेमकं वाक्य काय, बोलण्याआधी मनाची घालमेल ० ते १० पैकी किती आणि तासाभराने किती. फोनवर एका ओळीत होतं. यातला तिसरा रकाना महत्त्वाचा. निम्म्याहून जास्त वेळा विषय तुम्हीच काढलेला दिसला, तर चेष्टेला तोंड देणं हे कारण उरलेलं नाही, सवय झाली आहे. हा निकष माझा अनुभवाचा आहे, प्रश्नावलीतला नाही, पण तो क्वचितच फसतो.

मग न विचारता केलेले विनोद आधी बंद करायचे, उत्तरादाखल केलेले तूर्त राहू द्यायचे. सगळं एकदम सोडायला गेलं की दोन दिवसांत बेत कोलमडतो. एखाद्या भेटीला जाण्याआधी कागदावर अंदाज लिहा: मी काही बोललो नाही तर किती जण माझ्या वजनावर बोलतील? परत आल्यावर खरा आकडा शेजारी लिहा. चार-पाच भेटींनंतर दोन आकड्यांत किती अंतर आहे ते दिसेल, आणि ते दिसणं हाच या प्रयोगातला उपचाराचा भाग. अंदाज खरा ठरला, सहाच्या सहा जण बोलले, तरी काहीतरी कळलंच. मग प्रश्न तुमच्या चिंतेचा नाही, त्या मंडळींचा आहे.

त्या गटातल्या एकाला विश्वासात घ्या. सगळ्यांपुढे घोषणा करू नका, तिचीच चेष्टा होते. ‘मी वजनावरचे विनोद बंद करतोय. तूही करू नकोस, आणि कुणी केला तर हसू नकोस, बाकी काही नको.’ एक माणूस हसायचा थांबला की हशाचा जोर दिसण्याइतका कमी होतो.

सुरुवातीला चेष्टा वाढेल. नेहमी मिळणारी गोष्ट मिळेनाशी झाली की लोक जास्त जोराने मागतात: ‘काय रे, रुसलास?’, ‘आज मूड नाही वाटतं.’ यावर ‘मूड मस्त आहे, विषय जुना झाला’ एवढंच. इथे सर्वांत जास्त माणसं घसरतात. वातावरण जड झालं असं वाटून, त्यांना दिलासा द्यायला म्हणून, एकच विनोद करून टाकतात. रोज हमखास मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय जास्त चिवट करतं, हे वर्तनशास्त्रातलं जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे. त्या एका विनोदाने तुम्ही गटाला शिकवता की जरा जास्त रेटलं तर मिळतं. घसरलात तर जगबुडी होत नाही, पण विनोद न केलेल्या दिवसांची मोजणी पहिल्यापासून धरायची.

‘मग माझ्यात उरेल काय?’ ही भीती बरेच जण बोलून दाखवतात. निरीक्षण, योग्य वेळ साधणं, शब्दांवरची पकड हे सगळं तुमच्याकडे तसंच राहतं. तेच कौशल्य बैठकांवर, वाहतुकीवर, स्वतःच्या विसरभोळेपणावर चालवा.

बारीक माणसांनाही हे सगळं लागू आहे. ‘काडीपैलवान’, ‘वाऱ्याने उडशील’ हे ऐकून घेणाऱ्याला सहानुभूती आणखी कमी मिळते, कारण लोक त्याला कौतुकच समजतात.

काही खुणा दिसल्या तर मात्र विनोद सुधारत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञांना किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना भेटावं. लपूनछपून, ताबा सुटल्यासारखं थोड्या वेळात भरपूर खाणं. नंतर उलटी काढणं किंवा दिवसदिवस उपाशी राहणं. आरसा, फोटो, दवाखाना टाळणं. लोकांत जाणंच बंद करणं. आणि विनोदात मरणाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येणं: ‘मी काय, तसाही लवकर जाणार’, ‘मी गेलो की जागा होईल तुम्हाला.’ असं कुणी वरचेवर बोलत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. बाजूला घेऊन ‘मरावंसं वाटतं का तुला?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्या.

राहिला एक उपप्रश्न: दुसरं कुणी आपल्यासमोर स्वतःच्या वजनावर विनोद करत असेल तर आपण काय करावं? मोठ्याने हसू नये हे उघड आहे. पण ‘छे, तू कुठे जाड आहेस!’ असंही म्हणू नये. ते खोटं आहे हे दोघांनाही माहीत असतं, आणि जाड असणं म्हणजे नाकारावं असंच काहीतरी, हेही त्यातून सांगितलं जातं. त्या वाक्यात वजन सोडून जे काही आहे, त्याला उत्तर द्या. ती म्हणाली, ‘मी नाचले तर जमीन हादरेल’, तर वाक्यात नाचायची इच्छा आहे. ‘चल, मलाही येत नाही, मागच्या रांगेत उभ्या राहू’ म्हणा आणि उठा.